चिरंजीवांची त्रिकोणमिती : मापांच्या वहीतल्या मागच्या पानांवरच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

युनिट टेस्टचा पेपर सापडला. म्हणजे त्याने दाखवला नाही, मी डब्याचं झाकण शोधायला दप्तर उलटं केलं तेव्हा तळाला चुरगळून होता. २० पैकी ५. बाकीचं जाऊदे, एका ठिकाणी साहेबांनी साइन थीटा भागिले कॉस थीटा (थीटा हे कोनाचं नाव) असं लिहून वरचा थीटा आणि खालचा थीटा काट मारून उडवलाय आणि उत्तर काय तर साइन भागिले कॉस. सरांनी बाजूला नुसतं लाल प्रश्नचिन्ह काढलंय. मला आधी हसूच आलं, मग वाटलं त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं काय चुकलं, सातवीपासून वर-खाली सारखं दिसलं की काटायचं हेच शिकवलंय आपण. त्याला वाटतंय साइन हा कुठलातरी आकडा आहे आणि तो थीटाला गुणलाय. त्याच हिशोबाने साइन ए अधिक बी म्हणजे साइन ए अधिक साइन बी हे पण लिहून मोकळा.

ट्यूशनच्या सरांना फोन केला तर म्हणाले फॉर्म्युले पाठ करून घ्या. फॉर्म्युले त्याला पाठ आहेत हो, सोह-काह-टोआ झोपेत विचारलं तरी म्हणतो : साइन म्हणजे अपोझिट (समोरची बाजू) भागिले हायपोटेन्युज (कर्ण), कॉस म्हणजे ॲडजेसंट (लगतची) भागिले हायपोटेन्युज, टॅन म्हणजे अपोझिट भागिले ॲडजेसंट. तोच तर प्रॉब्लेम आहे.

मी काही गणितवाली नाही. मला दहावीला गणितात ५२ होते आणि त्यानंतर जे काय गणित केलं ते ब्लाउजच्या मापांचं. पण ठरवलंय, दर रविवारी आणि जमेल तेव्हा मधेमधे त्याच्यासोबत मी पण बसणार. हे सगळं मापांच्या वहीच्या मागच्या पानांपासून लिहिते, वेगळी वही केली तर ती हरवणार हे नक्की.

रात्री जेवताना त्याला विचारलं, "तुझी आई भागिले तुझे बाबा, यातलं 'तुझी-तुझे' काटलं तर काय उरलं?" म्हणाला आई भागिले बाबा. म्हटलं कोणाची आई? गप्प बसला, मग हसला. थीटाचा साइन असं म्हण म्हटलं, साइन थीटा असं नको म्हणू काही दिवस. बाबा म्हणाले मला का भागताय.

५ ऑगस्ट

आज फक्त अपोझिट आणि ॲडजेसंट. त्याचं ठाम मत : उभी बाजू ती अपोझिट, आडवी ती ॲडजेसंट, तिरकी ती हायपोटेन्युज. पुस्तकात बहुतेक चित्रं तशीच आहेत ना, काटकोन खाली कोपऱ्यात आणि कोन दुसऱ्या कोपऱ्यात जमिनीवर, मग पोर दुसरं काय शिकणार.

कॉलरचं बकरम (कॉलर ताठ राहायला आत घालतात ते कडक कापड) उरलेलं होतं, त्याचा एक काटकोन त्रिकोण कापला. एका टोकाला पेनने ठिपका काढला आणि सांगितलं तू मुंगी आहेस, ह्या ठिपक्यावर बसलीयस. जी बाजू तुझ्या पायाला लागतच नाही ती समोरची. पायाला दोन लागतात, त्यातली लांब ती कर्ण, दुसरी लगतची. मग बकरम गरागरा फिरवून टेबलावर टाकायचं आणि विचारायचं. पहिल्या दहात सहा चुकला. मग ठिपका दुसऱ्या टोकाला काढला तर म्हणतो, "गे आई, आता अपोझिटची ॲडजेसंट झाली." ह्या एका वाक्यासाठी मी दोन दिवस थांबले होते.

कर्ण म्हणजे महाभारतातला का, हे पण विचारून झालं. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम सगळं इंग्लिश, आमच्याकडे गोव्यात बहुतेकांचं असंच, त्यामुळे शब्द दोन्हीकडचे अर्धेअर्धे. मी घरात दोन्ही वापरते, पेपरात लिहायचं ते इंग्लिश आणि डोक्यात बसवायचं ते जे बसेल ते.

१० ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस महत्त्वाचा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बकरमचे तीन त्रिकोण कापले, लहान मधला मोठा, तिघांचा एक कोन ३५ अंशाचा, कंपासपेटीतल्या प्रोट्रॅक्टरने त्यानेच आखला. बाहेर पाऊस असा की पडवीत बसायला जागा नाही, शिलाई मशीनवरच पसारा मांडला. लगतच्या बाजू १०, १५ आणि २० सेंटिमीटर घेतल्या आणि समोरच्या त्याला मोजायला लावल्या. ७.१, १०.४, १४. मग भागाकार : ०.७१, ०.६९, ०.७०.

भागाकार करायच्या आधी मी विचारलं होतं की मोठ्या त्रिकोणाचा टॅन किती मोठा येईल. म्हणाला डबल. अगदी खात्रीने. म्हणजे कोन नुसताच लिहायचा असतो, खरी गोष्ट बाजूंची, असं त्याच्या डोक्यात होतं. आकडे आल्यावर आधी म्हणाला मापात चूक असेल. परत मोजलं. मग माझी टेप घेतली आणि इंचात मोजलं, तेच. मग म्हणाला चौथा काप, खूप मोठा. बकरम संपलं म्हणून पेपरचा कापला, लगतची ४० सेंटिमीटर, समोरची २८ भरली. ०.७०.

मग तो बराच वेळ काही बोललाच नाही. मी पण बोलले नाही, बोलायची खूप इच्छा झाली होती पण जीभ चावून बसले, मुलं विचार करत असताना आपण मधे बोलतो ना ते सगळ्यात वाईट. शेवटी म्हणाला, "म्हणजे ३५ ला ०.७ हे फिक्स. त्रिकोण कोणाचा पण असूदे."

मोबाइलमध्ये टॅन ३५ टाकून बघितला, ०.७००२. त्याला वाटलं मोबाइलने आपला आकडा चोरला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून आला, भिजून. दुपारी ०, ३०, ४५, ६०, ९० चा टेबल. हा पाठ असतो सगळ्यांना आणि दोन आठवड्यात विसरतात, त्याला पण १ बाय रूट २ कुठे आणि रूट ३ बाय २ कुठे ते नेहमी उलटसुलट.

इथे मात्र माझा धंदा कामाला आला. पायपिंगसाठी उरेब पट्टी कापायची तर आम्ही कापड कसं घालतो, चौकोनाचं एक टोक समोरच्या टोकावर आणून दुमडतो, ती जी तिरकी घडी पडते ती उरेब. हे मी रोज करते आणि रोज बघते की १० इंचाच्या चौकोनातून उरेब पट्टी १४ इंचाच्या वर थोडी निघते. कधी विचारच केला नव्हता की का. त्याला चौकोन दिला, घडी घालायला लावली, टेप लावली : १४ आणि वर एका सुताच्या (इंचाचा आठवा भाग) आसपास काहीतरी. पायथागोरस त्याला येतो, १०० अधिक १००, त्याचं रूट, १४.१४. म्हणजे ४५ चा साइन १० भागिले १४.१४. हाच तो १ बाय रूट २. आणि समोरची आणि लगतची दोन्ही १०, म्हणून टॅन १, पाठ करायची गरजच नाही.

३० आणि ६० साठी तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण कापून मधोमध दुमडला. खालची बाजू अर्धी झाली, तिरकी तशीच राहिली, वरचा कोन ६० चा ३० झाला. साइन ३० अर्धा का ते तिथंच दिसतं. आता टेबल विसरला तरी कागद दुमडून परत काढता येतो, परीक्षेत कच्च्या कामाच्या पानावर सुद्धा. मला हे १९९८ साली कोणी दाखवलं असतं तर, असं एकदा मनात आलंच.

१९ ऑगस्ट

आज काही नाही. चवथ (गणेश चतुर्थी) आठ दिवसांवर आणि सतरा ब्लाउज बाकी.

७ सप्टेंबर, रविवार

चवथ झाली, अकरा दिवसांच्या गणपतींचं विसर्जन पण काल झालं, पाहुणे गेले, माटोळीची (गणपतीच्या वर टांगतो ती फळांची आरास) फळं वाटून झाली. तीन आठवडे वहीला हात नाही. मला भीती की सगळं पुसलं गेलं असणार. बकरमचे त्रिकोण काढले, ठिपका, गरागरा, दहापैकी नऊ. टेबलातला टॅन ६० विसरला होता पण न सांगता कागद दुमडायला घेतला. मी काहीच बोलले नाही, चहा टाकायला गेले.

आज रात्री खग्रास चंद्रग्रहण म्हणून आजीने लवकर जेवायला वाढलं. ग्रहणावरून आर्यभटाचा विषय निघाला आणि गाडी साइनवरच आली. साइन शब्द कुठून आला ते मी आदल्या दिवशी वाचून ठेवलं होतं (आई होणं म्हणजे आदल्या दिवशी वाचून ठेवणं). आपल्याकडे ह्याला ज्या म्हणायचे, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, तिलाच जीवा. अरबांनी ते जिबा असं घेतलं, त्यांच्यात स्वर लिहीत नाहीत, मग पुढे कोणीतरी ते जैब वाचलं, जैब म्हणजे कपड्याचा गळ्याजवळचा भाग, खिसा, घडी. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी घडीचं लॅटिन केलं, सायनस. त्याचं झालं साइन. म्हणजे धनुष्याची दोरी निघाली आणि पोचली शिंप्याच्या दुकानात. मला हे इतकं आवडलं की मी दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा त्याने तोंड वाकडं केलं.

पण आर्यभटाचा टेबल त्याला आवडला. इसवी सन ४९९ मधला. पावणेचार अंशांच्या २४ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर मागच्यापेक्षा किती वाढलं तेवढंच दिलंय. २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, असं उतरत उतरत शेवटी २२ आणि ७. आठवी पायरी म्हणजे ३० अंश. त्याने वहीत बेरीज केली, १७१९. आणि त्रिज्या धरलीय ३४३८. १७१९ भागिले ३४३८ बरोबर अर्धा! बारावी पायरी ४५ ची, बेरीज २४३१, भागाकार ०.७०७१, उरेबचा आकडा. त्रिज्या ३४३८ च का, तर अख्खं वर्तुळ ३६० अंश म्हणजे २१६०० मिनिटं, ती परिघावर बसवायची तर त्रिज्या साधारण तेवढी येते. एवढं सगळं मी वाचून समजून घेतलं, पण तो विचारतो की आकडे कमी कमी का होत जातात. ह्याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. मग शिडीचं उदाहरण सुचलं, आडवी पडलेली शिडी उचलायला घेतली की टोक आधी पटापट वर येतं आणि जवळजवळ उभी झाली की तेवढंच फिरवलं तरी टोक वर जातच नाही म्हटलं तरी चालेल. पडवीतली शिडी काढून करून पण बघितलं, आजीने ओरडा केला.

ग्रहण बघायला रात्री अंगणात बसलो, ढग.

१४ सप्टेंबर, रविवार

कोन मोजायचं यंत्र. सामान : प्रोट्रॅक्टर, ज्यूसची स्ट्रॉ, सेलोटेप, शिवणाचा जाड दोरा, आणि बाबांच्या स्कूटरच्या डब्यातला एक नट. स्ट्रॉ प्रोट्रॅक्टरच्या सरळ बाजूला चिकटवायची, मधल्या भोकातून दोरा, दोऱ्याला नट. स्ट्रॉमधून बघायचं आणि दुसऱ्याने दोरा कुठल्या आकड्यावर लटकतोय ते वाचायचं.

पहिलाच घोळ. समोरच्या घराच्या खिडकीकडे सरळ बघितलं आणि मी वाचलं ९०. तो म्हणतो मी सरळ बघतोय, शून्य यायला पाहिजे. यंत्र चुकलं म्हणून दोरा सोडून परत बांधला, तरी ९०. दहा मिनिटं असेच भांडलो. मग त्यालाच समजलं की दोरा खालची दिशा दाखवतोय, आडवी नाही, म्हणजे वाचू ते ९० मधून वजा करायचं. आणि तिथून एकदम कॉसवर गेला! काटकोन त्रिकोणात उरलेला कोन म्हणजे ९० वजा थीटा, आणि मुंगी तिकडे बसली की समोरचीची लगतची होते, मग ह्याचा साइन तो त्याचा कॉस. कॉस म्हणजे को-साइन, त्यातला 'को' त्याचाच, ९० ला उरलेल्या कोनाचा, म्हणजे कोटिकोनाचा साइन. हे पुस्तकात चौकटीत छापलंय आणि त्याने ते पाठ पण केलं होतं, पण आज त्याचं त्याने काढलं. यंत्र चुकल्याचा मला आनंदच झाला.

२१ सप्टेंबर, रविवार

पाऊस उघडला. आज सर्वपित्री, आजीने अंगणात कावळ्यांना पान ठेवलेलं आणि त्याच्या बाजूला आमची काठी. काठी म्हणजे माझी कापड मोजायची लाकडी मीटरपट्टी, बादलीतल्या वाळूत रोवली, नटवाला दोरा धरून सरळ उभी केली. १२.१० पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण. मधे एक कावळा पान सोडून पट्टीवरच येऊन बसला, आजी म्हणाली बघा आजोबांना पण गणितात इंटरेस्ट.

सगळ्यात आखूड सावली बाराला नाही आली, साडेबाराच्या जरा आधी आली. हे त्याला पटेना. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, ते तिकडे मिर्झापूरच्या बाजूला, आणि आमचा फोंडा ७४ वर. साडेआठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपल्याकडे सूर्य ३४ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, त्यात सप्टेंबरच्या ह्या दिवसांत तो सात मिनिटं पुढे असतो. १२.२७. आमची आखूड खूण १२.२५ ची. दोघंही खूष.

सावली भरली २६ सेंटिमीटर. टोक पुसट असतं, २६ की २६.५ यावर वाद झाला, २६ धरलं. १०० ला २६ म्हणजे टॅन ०.२६, आता उलट जायचं, कुठल्या कोनाचा टॅन ०.२६. मोबाइलने साडेचौदाच्या जरा वर सांगितलं, १४.६. उद्या मध्यरात्रीच्या जरा आधी सूर्य विषुववृत्तावर येणार, आज अजून अर्ध्या अंशाच्या वर इकडे आहे, ०.६ धरा. १४.६ अधिक ०.६ म्हणजे आपला अक्षांश १५.२. फोंड्याचा खरा १५.४.

०.२ अंश चुकलं, एक अंश १११ किलोमीटर, म्हणजे २२ किलोमीटर. नकाशात बघितलं तर आम्ही घर उचलून केप्याच्या ओळीला नेऊन ठेवलं. तो म्हणाला २६.५ धरलं असतं तर? करून बघितलं, १५.४ च्या जवळ येतं. "बघ, मी सांगत होतो." अर्ध्या सेंटिमीटरवरून दिवसभर मिरवला.

सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली गायब होते ते आपल्याकडे मेच्या सुरुवातीला आणि परत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पण ऑगस्टात गोव्यात सूर्य बघितलाय कोणी. मेमध्ये करायचं ठरलं.

२८ सप्टेंबर, रविवार

माड! आज सकाळी पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) येणार होता म्हणून मुद्दाम आजच ठेवलं. तो वर जाणार तर त्याच्याकडूनच खरी उंची मिळेल. आधी आपण काढायची, मग तो.

विहिरीकडचा माड घेतला, अंगण तिथे सपाट आहे. बुंध्यापासून पूर्वेला १२ मीटर, माझी टेप १५० सेंटिमीटरची, म्हणून आठ वेळा. नारळाच्या घडावर नेम धरून कोन ४८. पश्चिमेला १२ मीटर जाऊन कोन ४१. इथेच खरं शंका यायला पाहिजे होती पण आम्ही पटकन मोबाइल काढला. पूर्वेकडून १२ गुणिले टॅन ४८, आला १४.४, त्यात डोळ्यापर्यंतची त्याची उंची दीड मीटर, १५.९. ठीक वाटलं. पश्चिमेकडून केलं तर उंची आली ३.४ मीटर.

माड एका बाजूने सोळा मीटर आणि दुसऱ्या बाजूने साडेतीन. बाबा खुर्चीतून पडायचे बाकी होते.

मोबाइल हा नवीन, सेटिंग करून घेतलेलंच नव्हतं, कॅल्क्युलेटर रेडियनवर होता. कोन मोजायचं ते दुसरं माप, १८० अंशांना ३.१४ रेडियन, म्हणजे त्याला आम्ही ४८ अंश नाही तर ४८ रेडियन सांगितले, पंधरा अर्धी वर्तुळं फिरून पुढे. वाईट म्हणजे १५.९ हे उत्तर पटण्यासारखं आलं होतं. दुसरीकडून मोजलं नसतं तर आम्ही तेच लिहून मोकळे झालो असतो. त्याला सांगितलं, आता दरवेळी आधी टॅन ४५ टाकायचा, १ आला तरच पुढे.

सेटिंग बदलून : पूर्वेकडून १४.८३, पश्चिमेकडून ११.९३. अजून पण तीन मीटरचा फरक! आता मोबाइलला दोष देता येईना. साहेब म्हणाले ॲव्हरेज काढ, १३.३८, झालं. म्हटलं का ॲव्हरेज? गप्प. तेवढ्यात पाडेली आला, त्याने आमचं यंत्र बघितलं, माडाकडे बघितलं आणि सरळ म्हणाला, माड वाकडा आहे तो, पूर्वेकडे कललाय. रोज बघतो आम्ही तो माड.

मग परत वही. शेंडा बुंध्याच्या वर नाहीच, पूर्वेला समजा क्ष मीटर सरकलाय. मग पूर्वेकडून अंतर १२ वजा क्ष आणि पश्चिमेकडून १२ अधिक क्ष, उंची दोन्हीकडून एकच. दोन समीकरणं, दोन अज्ञात, हा धडा पुस्तकात आधीच होऊन गेलाय आणि त्यात तो बरा आहे. क्ष आला १.४६, डोळ्यावरची उंची ११.७, अधिक दीड, १३.२ मीटर.

पाडेल्याने वर जाऊन सुतळीला दगड बांधून घडाजवळून सोडली. दगड हलायचा थांबेपर्यंत सगळे गप्प, आजी सुद्धा. जमिनीला लागला ती जागा बुंध्यापासून पूर्वेला पावणेपाच फूट, १४० सेंटिमीटरच्या वर. सुतळी खाली घेऊन मोजली, आठ टेप आणि वर ११० सेंटिमीटर. १३.१.

दहा सेंटिमीटरचा फरक, तेरा मीटरच्या माडाला, स्ट्रॉ आणि नट घेऊन. पाडेली म्हणाला मला विचारलं असतं तर मी असंच सांगितलं असतं, चौदाला कमी. पैसे माडामागे नेहमीचेच घेतले, सुतळीचे वेगळे नाहीत.

५ ऑक्टोबर

साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १. कर्ण १ धरला की पायथागोरसच आहे, पाच मिनिटांत झालं. त्या पुढच्या सिद्ध करा सिद्ध करा वाल्या गणितांत मला गती नाही, ती ट्यूशनच्या सरांकडे. खरं सांगायचं तर सर ती चांगली घेतात.

टॅन ९० मोबाइल एरर का देतो हे त्याने स्वतःच सांगितलं : माडाच्या बुंध्याला टेकून वर बघायचं, मग अंतर शून्य, शून्याने भागणार कसं.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे नरकासुराचा पुतळा जाळून, अंघोळ करून, कारीट फोडून, पाच प्रकारचे पोहे खाऊन मग लिहितेय, अक्षर तसंच येणार.

काल रात्री वाड्यावरच्या पोरांचा नरकासुर ३० फुटी आहे अशी जाहिरात होती. आमच्या साहेबांनी यंत्र खिशात घालून नेलं. पायथ्याशी जायला गर्दीमुळे जागा नाही, म्हणजे अंतर माहीत नाही. पुस्तकातला प्रकार त्याने वापरला, लांबून एक कोन, मग सरळ पुढे चालत येऊन दुसरा. लांबून २७, चार मीटर पुढे येऊन ३८. डीजेच्या आवाजात, मी टॉर्च धरून दोरा वाचला. रस्त्याच्या कडेला बसून वहीत समीकरणं मांडली, ५.८६, अधिक दीड, ७.३६ मीटर. २४ फूट, मुकुट धरून.

पोरांना सांगायला गेला. ती म्हणाली तुझ्या खेळण्याने काय मोजतो. वाद सुरू. मी बाजूला उभी, काही बोलले नाही. मग त्यानेच परत हिशोब केला, लांबचा कोन २७ च्या ऐवजी २६ असता तर, आणि उंची आली २२ फूट. एका अंशाने दोन फूट गेले, आणि गर्दीत धक्के खात एक अंश कधीही चुकतो. त्याचा चेहरा पडला. चार मीटर फारच कमी चाललो असं म्हणाला, दोन कोनांत फरक भरपूर पाहिजे होता. परत मोजायला निघाला तर नरकासुराला आग लागलेली.

पोरं अजून ३० च म्हणतायत. एका अंशाची चूक धरली तरी ३० होत नाही, हे त्याने मला घरी येताना तीनदा सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पेपर मिळाला, ह्यावेळी स्वतः आणून दाखवला. २० पैकी १४. थीटा कुठे काटलेला नाही. टेबल बरोबर, एका बाजूला कच्च्या कामात घडीचा त्रिकोण काढलेला दिसतोय. सिद्ध करा मधले तीन गेले, ते अपेक्षित होतं. एक बेरजेत गेला.

आणि दोन गेले ते टॉवरच्या गणितात. जमिनीवरच्या एका बिंदूपासून टॉवरचा उन्नत कोन अमुक, अंतर अमुक, उंची काढा. साहेबांनी टॅन लावून उंची अगदी बरोबर काढली आणि मग खाली दीड मीटर मिळवले.

म्हटलं अरे जमिनीवरच्या बिंदूपासून म्हणजे डोळा जमिनीवरच, दीड मीटर कुठून आणलेस. तर मलाच विचारतो, "जमिनीला डोळा लावून टॉवर कोण बघतं गे आई?"

उद्या फोंड्याला जाऊन बकरम आणायचंय, एक मीटर जास्तीचं.